तोंड उघडं म्हणजे भूक

हिवाळ्यात पाण्यातल्या माशाचा जीव गुदमरतो असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. ज्याचं घरच पाण्यात, त्याला कायचा दम लागतो! उन्हाळ्यात तलाव आटला, पाणी तापलं की मासे मरतात, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण पौषात? पौषात तलाव भरलेला असतो, पाणी गार असतं, वरून पाहिलं तर सगळं शांत. त्या शांत पाण्यात काय चाललंय हे कळायला तीन सकाळी गेल्या. आणि कळलं तेही मला नाही, माझ्या सासऱ्यांना.

आता मी वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला मुलाकडे राहते. इथं तलाव नाही, बैल नाही, वेचायला कापूस नाही. तरी पौष लागला की अजून उजाडायच्या आत जाग येते आणि मी उगाच गच्चीवर जाऊन आभाळ बघते. आभाळ भरलेलं असलं की दिवसभर अंग जड राहतं. सून म्हणते, आई, आराम करा. आराम करून करून थकले बाई मी.

आमचं गाव पवनारच्या पुढे, धाम नदीपासून कोसभर आत. गावाच्या खालच्या अंगाला जुना तलाव. गुरं पाणी प्यायची, बाया धुणं धुवायच्या, बाकी त्याला कुणी विचारत नव्हतं. दोन हजार साल उलटून गेलं होतं, जिकडे तिकडे बचत गटांचे दिवस होते. आमच्या अकरा बायांच्या गटाला ग्रामपंचायतीनं तो तलाव तीन वर्षांसाठी मासे सोडायला दिला. अकरा जणींत दहावीपर्यंत शिकलेली मी एकटी, म्हणून अध्यक्ष मी. लिहिता-वाचता येणं हाही एक गुन्हाच आहे, सगळ्या गावाचे कागद तुमच्या गळ्यात येऊन पडतात. घरी स्वयंपाक, शेतात वेचणी, वरून गटाच्या मीटिंगा. नवरा वर्ध्याला जिनिंगमध्ये कामाला, सकाळी जायचा तो दिवेलागणीला परत. त्याचं म्हणणं एवढंच, तुला जमत असेल तर कर.

वर्ध्याला आमचं एका दिवसाचं प्रशिक्षण झालं. मत्स्यखात्याचा साहेब चांगला माणूस होता. रोहू, कटला, मिरगल कसे ओळखायचे, ढेप, म्हणजे तेल काढलेली पेंड, आणि कोंडा कसा कालवायचा, उन्हाळ्यात पाणी कमी झालं तर काय करायचं, सगळं त्यानं सांगितलं. शेवटी म्हणाला, काही विचारायचं आहे का? तेव्हा आम्हाला समोर पवनारची बस लागलेली दिसत होती. कुणीच काही विचारलं नाही.

घरात मात्र महाभारत झालं. सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात कांदा-लसूण चालायचा, पण मासळीचं नाव निघालं की ते चूळ भरून यायचे. कास्तकाराच्या घरची सून मासोया विकणार म्हटल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, अजून काय काय दाखवणार आहेस? त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. एक-दोन दिवस नाही, दीड वर्ष. चहा पाहिजे असला तर गोठ्यात जाऊन बैलाला सांगायचे, "का रे, आज चहा नाई वाटते." मी आतून चहा नेऊन ओट्यावर ठेवायची. भाजीत मीठ कमी पडलं तर तेही बैलालाच कळायचं. शेजारची म्हणायची, तुमच्या घरी बैलालाच जास्त समजते. आम्ही दोघी हसायचो. पण खरं सांगते, मला फार लागायचं. सासू जाऊन वर्षं झाली होती, पोरगा शाळेत, घरात दिवसभर आम्ही दोघंच, आणि एक शब्द नाही. मला ह्या जन्मात दुसरं काही नको होतं तेव्हा. ते मासे मोठे व्हावेत, तलाव आमच्या हाती टिकावा, आणि ह्या म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडे तोंड करून म्हणावं, बरं केलं बाई.

मामाजींना दमा होता. पावसाळा कसाबसा निघायचा, हिवाळा आला की हाल. सकाळी धुकं असलं की खाटेवर उठून बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले, तोंड उघडं. मी गरम पाणी नेऊन ठेवायची, शेकायला शेगडी ठेवायची. ऊन वर आलं की छाती जरा मोकळी व्हायची आणि मग ते आपल्या अंबाडीकडे वळायचे.

अंबाडीचं वेड होतं त्यांना. कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दरवर्षी लावायचे. कोवळी असताना मी तिची भाजी करायची, पण त्यांचं सगळं लक्ष वाळत आलेल्या उंच काड्यांवर. त्या कापायच्या, पेंढ्या बांधायच्या आणि तलावात दगडाखाली दाबून ठेवायच्या. पंधरा-वीस दिवसांत साल सडून सुटते. ती ओढून काढायची, धुवायची, वाळवायची, मग तिचा दोर वळायचा. बैलांची दावी, कासरे, विहिरीचा दोर, सगळं घरचं. गावात तोपर्यंत नायलॉन आलं होतं, तरी सात-आठ घरची अंबाडी तलावात पडायचीच. माझ्या माहेरीही नाल्यात अशीच पडायची. सडलेल्या अंबाडीचा वास म्हणजे हिवाळा, असंच आमचं गणित. त्या वर्षीही पेंढ्या पडल्या. तलावात आता आपले मासे आहेत, आणि ह्या पेंढ्यांचं त्या माशांशी काही वाकडं असू शकतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि आलं असतं तरी सांगणार कुणाला? बैलाला?

मासे तेव्हा सोडून वर्षाच्या वर झालं होतं. कटला हातभर झाला होता. संक्रांतीनंतर जाळं टाकायचं ठरलं होतं, नदीकाठच्या जाळेवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. बाकीच्या दहा जणी आपापल्या मनात काय काय घेऊन बसल्या होत्या ते मला माहीत होतं, कारण रोज मलाच सांगायच्या. एकीला शिलाई मशीन, एकीला पोरीचं कॉलेज.

आणि पौषात आभाळ आलं. पाऊस पडून मोकळं होणारं नाही, नुसतं वर घोंगडं टाकल्यासारखं. सूर्य दिसेना. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. कापूस ओला, तूर झोपलेली, मामाजी खाटेवर. मी तलावावर खाद्य टाकायला जायची तेव्हा मासे दिसायचेच नाहीत. थंडीत ते खाली तळाशी जाऊन पडतात, फार हलत नाहीत, फार खात नाहीत, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटायचं, लपले असतील. मी आपलं नेमानं ढेप-कोंड्याचा लाडू करून टाकायची. घरात माणूस जेवला नाही तरी आपण ताट वाढतोच की.

पाचव्या दिवशी सकाळी गेले तर अहाहा! सगळा तलाव वर आलेला. कटल्याची मोठमोठी डोकी पाण्याच्या वर, रोहू त्यांच्या मागे, शेकड्यानं तोंडं उघडी आणि मिटतात, उघडी आणि मिटतात. पप् पप् असा बारीक आवाज काठापर्यंत येत होता. मी पळत जाऊन बायांना बोलावलं. सगळ्या काठावर उभ्या राहून पाहत राहिल्या. एक म्हणाली, किती भुकेजले बिचारे. दुसरी म्हणाली, लेकरं मोठी झाली का खातेतच. आम्ही अकराही जणी लेकुरवाळ्या. उघडं तोंड म्हटलं की भूक, ह्यापलीकडे आमची कुणाचीच अक्कल गेली नाही. त्या दिवशी आम्ही दुप्पट खाद्य टाकलं. ऊन पडलं नव्हतंच, तरी दुपारच्या सुमाराला मासे खाली गेले. पोट भरलं म्हणून गेले, असं म्हणत आम्ही घरी आलो. मी त्या दिवशी स्वयंपाक करताना गाणं म्हटल्याचं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि जास्त. लाडू पाण्यावर तरंगत होते, मासे त्यांच्या बाजूला तोंड वासून होते, पण लाडवाला शिवत नव्हते. मला राग आला. म्हटलं, लाडावले मेले, नुसत्या कोंड्याला तोंड लावत नाहीत. मग घरून शेंगदाण्याची ढेप नेऊन टाकली. काठावर गोगलगायी आणि बारीक झिंगे पाण्याबाहेर ओल्या मातीत चढून बसले होते. तेही मी पाहिलं. पाहिलं आणि पुढे गेले.

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा सात-आठ कटले पांढरं पोट वर करून काठाला लागले होते. बाकीचे वरच होते, पण आता तोंडं हळूहळू उघडत होती. तरी माझ्या हातात टोपली होती आणि त्या टोपलीत मी खाद्यच घेऊन गेले होते. मी पाण्यात वाकून टाकायला लागले, तशी मागून काठीचा आवाज आला. अंबाडी सुटली का पाहायला मामाजी आले होते. दहा पावलं चालून एकदा थांबत असे आले होते.

ते माझ्याकडे न बघता पाण्याकडे पाहत राहिले. मग काठी बगलेत धरून त्यांनी जोरात टाळी वाजवली. एकही मासा बुडाला नाही.

"मानूस आला का मासोयी पयते," ते म्हणाले. "ह्या पयून नाई राह्यल्या."

दीड वर्षानंतर ते माझ्याशी बोलत होते आणि मला आनंद व्हायलाही सवड नव्हती. मी म्हटलं, मामाजी, भुकेजले आहेत, पण खातच नाहीत. त्यांनी माझ्या हातातली टोपली काढून घेतली आणि मागे मातीत ठेवली.

"भूक नाई हे, बाई. दम लागला यायले." आणि छातीवर हात ठेवला. "मले माईत आहे हे तोंड."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांचं तोंड पाहिलं. एवढं चालून आल्यानं ते उघडंच होतं.

ते अंबाडीच्या पेंढ्यांकडे बघत म्हणाले, "अंबाडीनं होते. पानी सडते. आमी लहानपनी मासोया अशाच धरत होतो, हातानं. मले माईत होतं."

"मंग टाकली काऊन?"

माझ्या तोंडून गेलं. सासऱ्याला असं कुणी विचारत नाही. त्यांनी धोतर वर खोचलं, काठी मला दिली आणि पाण्यात उतरले.

पौषातलं पाणी, वर सूर्य नाही, आणि दमेकरी माणूस कमरेपर्यंत आत. मी ओरडले, मामाजी बाहेर या, मी काढते. त्यांनी हातानंच खूण केली, बायांना बोलव. मी धावत गेले. मोटर लावून पाणी फेकावं तर लाईट नव्हती, त्या दिवसांत सकाळची लाईट कधी असायची? मग मामाजींनी सांगितलं, पाण्याले झोडपा, हलवा, वरचं खाली करा. अकरा बाया धुण्याच्या मोगऱ्या घेऊन पाण्यात उतरल्या आणि झोडपायला लागल्या. लुगडी ओली, दात वाजताहेत, हात भरून आलेले, आणि आम्ही पाणी बदडतोय. रस्त्यानं जाणारे थांबून हसत होते. मामाजी एक-एक पेंढी दगडाखालून काढून काठावर ढकलत होते. स्वतःची काढली, मग दुसऱ्यांचीही. कुणाची कोणती त्यांना बरोबर ठाऊक. काळं, घाण पाणी त्यांच्या छातीपर्यंत उडत होतं. मी दोनदा त्यांचा हात धरला, दोनदा त्यांनी सोडवून घेतला.

दुपारी आभाळ फाटलं. ऊन पडलं तसे मासे खाली जायला लागले, आधी रोहू, मग कटला. काही मेलेच, टोपल्या भरून निघाले. पण जास्त वाचले. दुसऱ्या दिवशी मी काठावर टाळी वाजवली तर पाणी फुटल्यासारखं झालं आणि सगळे पळाले. पळणारा मासा पाहून मी रडले. कटल्यानं मला घाबरावं ह्याचा एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

आठवड्यानं साहेब आला तेव्हा त्यानं उलगडून सांगितलं. पाण्यातली हिरवळ उन्हावर पाण्याला हवा देते. ऊन नाही तर हवा नाही. होती ती हवा सडणारी अंबाडी खात होती, आणि थंडीत न खाल्लेलं आमचं खाद्य तळाशी सडून उरलेली खात होतं. पहाटेपर्यंत पाण्यात काही शिल्लकच राहायचं नाही, म्हणून मासे सकाळी वर यायचे. तो म्हणाला, ताई, अंबाडीनं अर्धं केलं, अर्धं तुमच्या ढेपेनं. बाकीच्या दहा जणींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजवर विसरले नाही. मी त्यांना खाऊ घालून मारलं होतं.

मामाजी त्या पाण्यातून निघाले ते खाटेवर पडले. ताप, छातीत कफ, वर्ध्याला दवाखान्यात नेलं, तिथे बरेच दिवस काढले. वाचले. घरी आले तेव्हा पहिलं काय विचारलं? "पानी पायलं का आज?" मला, बैलाला नाही. त्यानंतर रोज हेच विचारायचे. बरं केलं बाई असं काही ते कधी म्हणाले नाहीत, पण हे मला पुरत होतं. मासा घरात आला नाही, त्यांनी माळ काढली नाही, आणि संक्रांतीनंतर जाळं पडलं तेव्हा लांब निंबाखाली बसून पाहत होते. अर्धवट सडलेल्या अंबाडीचा दोर झाला नाही. ती उकिरड्यावर गेली. पुढच्या वर्षी धुऱ्यावर त्यांनी ती लावलीच नाही. बैलांना वर्ध्याहून नायलॉनचे दोर आले. त्यानं बैलाची मान कापते, एवढंच ते म्हणायचे. टाकली काऊन, हे मी पुन्हा विचारलं नाही. तलावाचा करार संपला आणि गटही हळूहळू थंडावला. थकल्या बाया. मीही थकले.

त्यानंतर चौथ्या हिवाळ्यात ते गेले. पौषच. दवाखान्यातून घरी आणलं होतं, हलकं काहीतरी देत राहा, असं डॉक्टर म्हणाले होते. सकाळ होती, बाहेर धुकं. थंडी लागेल म्हणून मी खोलीचं दार, खिडकी, सगळं लावून घेतलं होतं आणि कोपऱ्यात शेगडी पेटवून ठेवली होती. ते भिंतीला टेकून बसले होते, हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. मी तांदळाची पेज घेऊन बसले. एक चमचा दिला. थोडी आत गेली, थोडी हनुवटीवर आली. पुसली आणि दुसरा दिला. म्हटलं, मामाजी, दोन घास पोटात गेले तर ताकद येईल. त्यांनी हात उचलला आणि माझ्या हातातली वाटी बाजूला सारली. जोर नव्हता त्या हातात. मला वाटलं, लहान मुलासारखा हट्ट करताहेत. मी वाटी परत घेतली आणि तिसरा चमचा उघड्या तोंडाशी नेला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग दाराकडे पाहिलं.

मी उठून दार उघडलं. खिडकीही उघडली. शेगडी बाहेर नेऊन ठेवली आणि परत आले, तोवर सगळं झालं होतं. तिसऱ्या चमच्याची पेज अजून त्यांच्या ओठांवर होती, ती मी पदरानं पुसली.